मराठी राजकीय कमेंटवर प्रबंध करायचा असेल तर: विषय ठरवण्यापासून व्हायवापर्यंत

"सर, मला सोशल मीडिया आणि राजकारण या विषयावर पीएच.डी. करायची आहे," असं मी पहिल्या भेटीत म्हणालो, तेव्हा गाईडनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कुठला सोशल मीडिया? कुठलं राजकारण? आणि तुला ते दिसणार कुठून?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी आठवडाभरात नेऊन दिली. तिसऱ्यापाशी घोडं पेंड खात होतं. त्यात माझं वर्ष गेलं.

ते वर्ष तुमचं वाचावं म्हणून हा लेख. मी पत्रकारितेचा विद्यार्थी. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मराठी वृत्तवाहिन्यांच्या यूट्यूब व्हिडिओंखाली लोक काय लिहीत होते, हा माझा विषय. प्रोग्रॅमिंग मला अजिबात येत नव्हतं. आजही कामापुरतंच येतं. तुम्ही पत्रकारिता, राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा मराठी अशा कुठल्याही विभागातले असा, पायऱ्या याच. एम.ए.चा छोटा प्रबंध असेल तर पायऱ्या तेवढ्याच राहतात, दिवस कमी होतात.

१. प्रश्न इतका लहान करा की सांगताना लाज वाटेल

'समाजमाध्यमांचा महाराष्ट्राच्या राजकारणावरील प्रभाव : एक चिकित्सक अभ्यास' या धाटणीचं शीर्षक डोक्यात असेल तर आत्ताच खोडा. 'प्रभाव' मोजायचा तर आधी काय होतं आणि नंतर काय झालं याची नोंद हवी, शिवाय ज्यांनी ते व्हिडिओ पाहिलेच नाहीत अशी माणसंही तुलनेला हवीत. हे सगळं एकट्या विद्यार्थ्याला झेपत नाही. कमेंट वाचून प्रभाव कळत नाही, कमेंट कळते. तेही थोडकं नाही.

माझा सुरुवातीचा प्रश्न होता, 'मराठी लोक यूट्यूबवर राजकारणाविषयी काय बोलतात?' आरआरसीसमोर, म्हणजे विषयाला मंजुरी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीसमोर, गेला तो असा: १५ ऑक्टोबर २०२४ ला निवडणूक जाहीर झाल्यापासून २३ नोव्हेंबरच्या निकालापर्यंत, निवडक मराठी वृत्तवाहिन्यांच्या निवडणूकविषयक व्हिडिओंखाली लिहिणारे कोणाला उद्देशून लिहितात? नेत्याला, पत्रकाराला, की एकमेकांना? चाळीस दिवस, एक माध्यम, एक क्रियापद. समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, "एवढंच?" हा शब्द ऐकू आला की समजा, प्रश्न योग्य मापाचा झाला.

सिद्धान्ताचं प्रकरण लिहिताना सगळे जर्मन विचारवंत हाबरमास यांच्यापासून सुरुवात करतात. 'पब्लिक स्फिअर'ची, म्हणजे लोक एकत्र येऊन सार्वजनिक प्रश्नांवर बोलतात त्या जागेची, त्यांची मांडणी १९६२ ची; लोकांनी कशावर विचार करायचा ते माध्यमं ठरवतात असं सांगणारा मॅककॉम्ब्ज आणि शॉ यांचा 'अजेंडा सेटिंग'चा निबंध १९७२ चा. दोन्ही वाचा, पण प्रश्नाला लागेल तेवढंच घ्या. आणि 'समाजमाध्यमं आली आणि सामान्य माणूस बोलू लागला' असं वाक्य चुकूनही लिहू नका. ज्या भाषेत १८३२ मध्ये 'दर्पण', १८७७ मध्ये 'दीनबंधू' आणि १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला, तिथे कोण बोलत होतं आणि कोणाला बोलू दिलं जात नव्हतं याचा इतिहास दांडगा आहे. वाचकांच्या पत्रव्यवहाराची जुनी सदरं चाळलीत तर कमेंटचे निम्मे स्वभाव तिथेच भेटतील.

२. डेटा मिळतो का, हे सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिण्याआधी बघा

ही पायरी बहुतेक जण उलटी करतात. आधी विषय मंजूर करून घेतात, मग डेटा शोधायला निघतात, आणि दार बंद दिसतं. मीही तेच केलं. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये फेसबुक पेजेसचा अभ्यास होता, आणि त्यासाठी लागणारं क्राउडटँगल हे साधन मेटाने १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं. मतदानाला जेमतेम सव्वातीन महिने उरले होते.

कुठे काय परिस्थिती आहे ते थोडक्यात सांगतो. हे नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यात स्वतः खात्री करा.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी आता मेटा कंटेंट लायब्ररी आहे. विद्यापीठ किंवा ना-नफा संस्थेतल्या संशोधकालाच अर्ज करता येतो, छाननी होते, आणि काम बरंचसं त्यांच्याच बंदिस्त संगणकीय वातावरणात बसून करावं लागतं. अर्ज करायचा तर गाईडच्या नावाने आणि खूप आधी करा.

एक्सचं, म्हणजे जुन्या ट्विटरचं, दुःख वेगळं. २०२१ मध्ये त्यांनी संशोधकांना जवळपास सगळं जुनं भांडार मोफत उघडून दिलं होतं. मालक बदलल्यावर २०२३ मध्ये ते गुंडाळलं. त्या वर्षी सर्वांत स्वस्त सशुल्क योजना महिना १०० डॉलरची होती आणि तीत महिन्याला १० हजार पोस्ट वाचता यायच्या. २०२१ किंवा २०२२ चा एखादा शोधनिबंध वाचून 'आपणही असंच करू' असं ठरवलं असेल, तर त्यातला डेटा गोळा करण्याचा परिच्छेद आता इतिहास म्हणून वाचा.

टिकटॉकवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे. व्हॉट्सॲपवर गट बंद असतात आणि त्यांत गुपचूप शिरून मजकूर उचलणं हे संशोधन होत नाही. त्याविषयी आठव्या पायरीत बोलू. टेलिग्रामचे सार्वजनिक चॅनेल तुलनेने सहज मिळतात, पण तुमच्या विषयाची मराठी चर्चा तिथे पुरेशी आहे का, ते आधी बघा.

राहिलं यूट्यूब. त्याचा डेटा एपीआय, म्हणजे प्रोग्रॅममधून डेटा मागवायची अधिकृत सोय, मोफत आहे आणि रोजच्या कामाला पुरतो. मराठी वृत्तवाहिन्यांच्या चर्चा, सभांची भाषणं, गावोगावच्या 'जनतेच्या मनात कोण' छापाच्या मुलाखती, सगळं तिथे आहे आणि खाली बोलणारेही आहेत. नवख्या मराठी संशोधकाने सुरुवात इथूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळ फारच कमी असेल तर मेटाची ॲड लायब्ररी बघा. भारतातल्या राजकीय जाहिराती तिथे २०१९ पासून आहेत, कोणालाही खुल्या आहेत, आणि खर्चाचा पट्टा व पैसे भरणाऱ्याचं नाव दिसतं. खर्चाचा नेमका आकडा मिळत नाही, 'इतके ते इतके' असाच मिळतो. बेरीज करताना ही गोष्ट विसरणारे भेटतात.

३. कागदपत्रं आणि हत्यारं

प्रवेशाचे कागद तुम्हाला विद्यापीठ सांगेलच. मी इथे त्यांच्यासोबत लागणारे, पण कोणी न सांगणारे कागद देतो:

- पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) किंवा नेटचा निकाल, गाईडचं संमतिपत्र, नोकरी असेल तर ना-हरकत
- फेलोशिपसाठी जातीचं प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या जाहिराती ठरावीक काळातच येतात आणि वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, म्हणून ते आधीच काढून ठेवा
- विद्यापीठाच्या पत्त्याचा ईमेल. घरच्या जीमेलवरून संशोधक म्हणून केलेला अर्ज फार पुढे जात नाही
- दोन पानी डेटा-योजना: काय गोळा करणार, कुठे ठेवणार, कोण बघणार, कधी पुसणार
- मुलाखतीचं संमतिपत्र, मराठीत
- मदतनीस कोडरकडून (म्हणजे कमेंटचं प्रकारांत वर्गीकरण करणाऱ्याकडून) गोपनीयतेची लेखी हमी

हत्यारांमध्ये संदर्भांसाठी झोटेरो, संबंधांची जाळी काढायची असतील तर गेफी, तक्त्यांसाठी लिब्रे ऑफिस. कोड लिहायचा नसेल तर ॲमस्टरडॅमच्या डिजिटल मेथड्स इनिशिएटिव्हने बनवलेली 'यूट्यूब डेटा टूल्स' वापरा. व्हिडिओचा क्रमांक टाका, कमेंटची फाइल घ्या. सगळं मोफत. बाहेरची एक हार्ड डिस्क मात्र विकत घ्या.

४. गोळा करा, तेही रोजच्या रोज

गूगल क्लाउडच्या पानावर नवा प्रकल्प उघडायचा, त्यात यूट्यूब डेटा एपीआय सुरू करायचा, चावी घ्यायची. अर्ध्या तासाचं काम आहे. मग रोज १० हजार एककांचा कोटा मिळतो, आणि तो कुठे उधळायचा नाही हे कळणं महत्त्वाचं. शोधशब्द टाकून एकदा शोधलं की १०० एककं जातात. म्हणजे शंभर शोधांत दिवस संपला. कमेंटचं एक पान मात्र एकाच एककात मिळतं आणि त्यात १०० कमेंट येतात.

त्यामुळे शोधू नका. आधी वाहिन्या ठरवा आणि प्रत्येक वाहिनीच्या 'अपलोड' यादीतून व्हिडिओ घ्या. त्या यादीचा क्रमांक वाहिनीच्या क्रमांकातच दडलेला असतो: सुरुवातीच्या 'यूसी'च्या जागी 'यूयू' केलं की झालं. यादीचं एक पान एक एकक, त्यात ५० व्हिडिओ. शोधाचा दुसरा तोटा असा की तो यूट्यूबच्या मर्जीने क्रम लावतो. तुमचा नमुना मग तुम्ही निवडलेला राहत नाही.

एक खड्डा उत्तरांचा. मूळ कमेंटसोबत आपोआप येतात ती काही मोजकीच उत्तरं. लांबलेली भांडणं हवी असतील, आणि राजकीय कमेंटमध्ये तीच हवी असतात, तर उत्तरांची मागणी वेगळी करावी लागते. मी पहिल्या आठवड्यात ती केली नव्हती आणि 'लोक एकमेकांशी फारसं बोलत नाहीत' असा निष्कर्ष वहीत लिहूनही ठेवला होता!

एपीआय आज जे शिल्लक आहे तेच देतो. कमेंट पुसल्या जातात, व्हिडिओ खाजगी होतात, वाहिन्या कमेंटच बंद करतात. निकालानंतर चार महिन्यांनी गोळा करायला बसलात तर वरातीमागून घोडं. मी रोज रात्री त्या दिवसाच्या व्हिडिओंच्या कमेंट घ्यायचो, आणि सात दिवसांनी त्याच व्हिडिओंच्या पुन्हा. दोन फायलींमधला फरक हाच एक वेगळा डेटा ठरला. व्हिडिओचं शीर्षक आणि थंबनेलही त्याच दिवशी साठवा. डिजिटल डेस्कवर शीर्षक दुपारपर्यंत दोनदा बदलतं, आणि लोक ज्या शीर्षकावर चिडले होते ते तुम्हाला नंतर दिसतच नाही.

साठवण्याचे नियमही वाचा. यूट्यूबच्या सर्वसाधारण विकासक-धोरणात साठवलेली माहिती ३० दिवसांत ताजी करण्याची किंवा काढून टाकण्याची अट आहे. संशोधकांसाठी त्यांचा वेगळा कार्यक्रम २०२२ पासून आहे. विद्यापीठाच्या ईमेलवरून त्यासाठी अर्ज करा आणि तो पत्रव्यवहार जपून ठेवा.

५. फाइलवर दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडू नका

हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून टेबलासमोर लावा. कमेंट ज्या सीएसव्ही फाइलीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुरात) मिळतात, ती थेट एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीचा चिवडा होण्याची शक्यता मोठी. पंधरापेक्षा जास्त आकडे असलेले क्रमांक एक्सेल शेवटी शून्य लावून गोल करतं, म्हणजे ट्वीटचे क्रमांक गेले. यूट्यूबचा एखादा क्रमांक वजाच्या चिन्हाने सुरू होत असेल तर त्याला ते गणित समजतं. आणि तुम्ही सवयीने 'सेव्ह' दाबता. लिब्रे ऑफिस उघडतानाच विचारतं, तिथे यूटीएफ-८ हा अक्षरसंकेत निवडा आणि क्रमांकाच्या रकान्याला 'मजकूर' म्हणा. मूळ फाइल हार्ड डिस्कवर वेगळी, तिला हातच लावायचा नाही.

वेळेचा घोटाळा याहून चोरटा. एपीआय वेळ जागतिक प्रमाणवेळेत देतो, आपण साडेपाच तास पुढे. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात लिहिलेली प्रत्येक कमेंट आदल्या तारखेला नोंदली जाते. २० नोव्हेंबरच्या मतदानाच्या पहाटेची गर्दी १९ तारखेला दाखवायची नसेल तर पहिलं काम हेच.

आता आपल्या लिपीच्या गमती. 'शेतकऱ्यांना' हा शब्द लोक तीन तऱ्हांनी लिहितात. कोणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, कोणी साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक घालून, आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही ते सरळ रफार देऊन. पहिले दोन डोळ्यांना सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. तेच 'ॲ'चं: एकसंध अक्षर किंवा 'अ'वर चंद्र. निवडणुकीच्या डेटात 'शेतकऱ्यांना' शोधून निम्म्याच कमेंट हाती आल्या तर तुमचा सगळा तक्ता खोटा. युनिकोडच्या प्रमाणीकरणाची तयार आज्ञा हे सगळं दुरुस्त करत नाही. हातानेच बदलांची छोटी यादी बनवा. 'बहीण' आणि 'बहिण' तिच्यात लगेच टाका, कारण २०२४ च्या डेटात लाडकी बहीण टाळता येणार नाही.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत शब्द मोजणार असाल तर आणखी एक. शब्द तोडण्याची नेहमीची आज्ञा काना, मात्रा, वेलांट्यांना अक्षर मानत नाही. तिथेच शब्द मोडते. माझ्या पहिल्या यादीत सर्वांत वर 'तकर' आणि 'वडण' होते. 'वडण' हा कुठल्या भागातला शब्द आहे हे मी दोन दिवस शोधत होतो. एका मित्राने सांगितलं, "अरे, 'निवडणूक'चं हे मधलं हाड आहे." आणि 'तकर' म्हणजे शेतकरी. पायथनच्या सायकिट-लर्न या साधनसंचातलं मोजयंत्र आणि शब्दमेघ (वर्ड क्लाउड) काढणारी साधनं, दोन्हींत हा दोष मूळ सेटिंगलाच असतो. शब्दांची व्याख्या स्वतः लिहून द्या.

चिन्हं पुसू नका. तयार 'सफाई'च्या सूचना इमोजी काढून टाकायला सांगतात. आपल्याकडे मशालीऐवजी नुसती ज्वाळा टाकणारे आहेत, धनुष्यबाण आणि घड्याळ टाकणारे आहेत. त्या एका चित्रात पक्ष आणि गट दोन्ही सांगितलेले असतात.

६. आधी वाचा, मग कोडबुक बनवा

पाचशे कमेंट कागदावर छापा आणि पेन्सिल घेऊन बसा. याला पर्याय नाही. कोडबुक, म्हणजे कुठली कमेंट कुठल्या प्रकारात टाकायची याची नियमवही, त्यातूनच तयार होतं.

माझा प्रश्न 'कोणाला उद्देशून' असा असल्यामुळे मला वाटलं होतं, काम सोपं आहे. मग 'दादा' आला. महाराष्ट्रात 'दादा' म्हणजे अजित पवार असू शकतात, चंद्रकांत पाटील असू शकतात, बूम हातात धरलेला वार्ताहर असू शकतो, किंवा वरच्या कमेंटवाला, ज्याला "दादा, जरा अभ्यास वाढवा" म्हणायचं आहे. 'साहेब' म्हटलं की शरद पवार, बाळासाहेब ठाकरे, एकनाथ शिंदे आणि गावचा तहसीलदार, सगळे रांगेत. 'ताई' सुप्रिया सुळे की पंकजा मुंडे की स्टुडिओतली निवेदिका? फक्त 'देवाभाऊ'ने कधी त्रास दिला नाही. कोडबुकात मी नातेवाचक संबोधनांना एक अख्खं पान दिलं आणि नियम केला: व्हिडिओचा विषय आणि वरची कमेंट पाहिल्याशिवाय संबोधनाचं कोडिंग करायचं नाही, तरीही कळलं नाही तर 'अनिश्चित'. हा रकाना ठेवायला घाबरू नका. रिकामा 'अनिश्चित' रकाना दिसला की परीक्षकाला शंका येते.

पक्षांच्या नावांचंही तसंच. जून २०२२ नंतर नुसती 'शिवसेना' आणि जुलै २०२३ नंतर नुसती 'राष्ट्रवादी' कोणाची, हे कमेंटमधून कळेलच असं नाही. निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्हाचा निर्णय शिवसेनेबाबत फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि राष्ट्रवादीबाबत फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. आयोगाची व्याख्या एक आणि लिहिणाऱ्याच्या मनातली दुसरी, असं सर्रास दिसतं. तुम्ही कोणती धरणार ते कोडबुकात लिहा आणि निवाडा द्यायच्या फंदात पडू नका.

घोषणांचा निर्णयही आधीच घ्या. 'पन्नास खोके'वाली एकच कमेंट एका खात्याने चाळीस व्हिडिओंखाली चिकटवली, तर ती चाळीस की एक? दोन्ही पद्धती बरोबर असू शकतात. प्रबंधात मध्येच पद्धत बदललेली चालत नाही.

मग दुसरा कोडर. त्याला किंवा तिला कोडबुक द्या, तुम्ही शेजारी बसू नका, आणि तेच दोनशे-तीनशे नमुने स्वतंत्रपणे करून घ्या. जुळणी क्रिपेनडॉर्फ यांच्या अल्फाने मोजतात: ०.८० च्या वर असेल तर निर्धास्त, ०.६६७ च्या खाली असेल तर कोडबुक पुन्हा लिहा. माझी पहिली फेरी लाजिरवाणी निघाली, कारण माझी सहकारी नागपूरची आणि मी कोल्हापूरचा. मला जे प्रेमाने बोलणं वाटत होतं ते तिला अपमान वाटत होता. त्या वादातून कोडबुकाची सगळ्यात चांगली तीन पानं निघाली.

७. यंत्राकडून किती काम घ्यायचं

मराठीसाठी आता तयार साधनं आहेत, हे भाग्यच म्हणायचं. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने महाबर्ट ही मराठी मजकूर हाताळणारी मॉडेलं, महासेंट हा सुमारे १६ हजार ट्वीट्सचा भावछटा-संच (प्रत्येक ट्वीटचा सूर सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ याची खूण केलेला) आणि महाहेट हा २५ हजारांवर ट्वीट्सचा द्वेषमूलक भाषेचा संच खुला केला आहे. वापरा, आणि संदर्भ द्या.

पण आधी त्यांत काय आहे ते बघा. महासेंटमधली ट्वीट्स महाराष्ट्रातल्या नामवंतांच्या खात्यांवरून घेतलेली आहेत. नामवंत माणूस ट्वीटमध्ये अभिनंदन करतो, शोक व्यक्त करतो, निषेध नोंदवतो. तो उपरोधाने फारसा बोलत नाही. कमेंटमध्ये उपरोध हीच मातृभाषा. "रस्ता एवढा भारी झालाय साहेब, होडी घेतली दाराशी" हे मी आत्ता रचलेलं वाक्य. यंत्राला त्यात 'भारी' दिसतं आणि ते खूश होतं. शिवाय रोमन लिपीतली मराठी, हिंदी-मराठी खिचडी आणि 'जय महाराष्ट्र' एवढीच कमेंट, यांची भाषा ओळखतानाही यंत्रं चुकतात.

माझी रीत अशी: हाताने कोड केलेल्या नमुन्यावर यंत्र चालवा, प्रत्येक प्रकारात किती चुकलं ते तक्त्यात द्या, आणि जिथे ते फार चुकतं तो प्रकार यंत्राला देऊच नका.

एक विनंती. सारख्या दिसणाऱ्या कमेंट पाहून 'बॉट' किंवा 'आयटी सेल' असं लिहू नका. तुम्हाला दिसतं ते इतकंच की मजकूर सारखा आहे आणि वेळ जवळची आहे. तेवढंच लिहा. उत्साही कार्यकर्ताही तेच करतो.

८. नावं झाका, आणि शब्दही

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला, आणि ते नुसतं लाइक केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. पुढे श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिखाणाला शिक्षा देणारं कलम ६६-अ रद्द केलं. कलम गेलं, पण एका ओळीने माणूस कुठपर्यंत ओढला जातो ते आपल्याच राज्याने पाहिलं आहे. 'कमेंट सार्वजनिक आहे, मग छापायला काय हरकत?' असं कोणी म्हणालं की मी हे उदाहरण देतो.

नाव काढून कमेंट जशीच्या तशी छापली तरी उपयोग नाही. वाक्य शोधलं की माणूस सापडू शकतो. म्हणून आशय ठेवून शब्द बदला आणि बदलले आहेत हे लिहा. निवडून आलेले नेते, पक्षांची अधिकृत खाती यांना ही सवलत नको. खात्यांच्या नावांना क्रमांक द्या, क्रमांकांची किल्ली वेगळ्या, कुलूपबंद फाइलीत ठेवा.

कायद्याच्या बाजूने: २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागू होत नाही, आणि संशोधनालाही अटींसह सूट देतो. मुख्य अट अशी की त्या माहितीवरून कुठल्या एका व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही. प्रबंधात हे दोन वाक्यांत नोंदवा. नैतिकतेसाठी इंटरनेट संशोधकांच्या एओआयआर या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं आधाराला घ्या. अनेक विद्यापीठांत सामाजिक शास्त्रांसाठी नैतिकता समिती नावापुरतीच असते. समिती नसेल तर आपलं निवेदन लिहून गाईड आणि विभागप्रमुखांची तारखेसह सही घ्या.

व्हॉट्सॲप गटांचा मोह होईल. गटात असाल तर ओळख सांगून, परवानगी घेऊन. मामाच्या सोसायटीच्या गटातले स्क्रीनशॉट हा डेटा होत नाही.

९. न्यूजरूममध्ये जाऊन या

कमेंट कोण काढतं, कोणते शब्द आपोआप अडवलेले आहेत, कमेंट पाहून पुढची बातमी ठरते का, हे पडद्यावर दिसत नाही. त्यासाठी डिजिटल डेस्कवरच्या माणसांना भेटा. संपादकांना रीतसर पत्र द्या, पण खरी माहिती रात्रपाळीच्या उपसंपादकाकडे असते. निवडणुकीच्या दिवसांत फोन करू नका, शिव्या खाल. निकालानंतर दोन आठवड्यांनी जा. रेकॉर्डिंगची परवानगी आधी, संमतिपत्रावर सही नंतर, आणि 'हे छापू नका' म्हटलेलं खरंच छापू नका. सात-आठ चांगल्या मुलाखती पुरतात.

१०. लिहिणं आणि व्हायवा

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. कमेंट करणारे सगळ्या मतदारांच्या पातेल्यातले नाहीत. ते कुठे राहतात, वय काय, मतदार आहेत का, यातलं काही आपल्याला माहीत नसतं; दुबईतून लिहिणारा आणि दौंडमधून लिहिणारा सारखाच दिसतो. म्हणून 'महाराष्ट्राला वाटतं' असं वाक्य प्रबंधात एकदाही येता कामा नये. पूर्वपीठिकेसाठी सर्वेक्षणं वापराल तेव्हाही त्यांचा नमुना बघा. रॉयटर्स इन्स्टिट्यूटचा डिजिटल न्यूज रिपोर्ट सगळे उद्धृत करतात, पण त्यातला भारताचा नमुना प्रामुख्याने इंग्रजी जाणणाऱ्या, ऑनलाइन बातम्या वाचणाऱ्यांचा असतो. तो मराठी प्रेक्षकावर लावता येत नाही.

साम्य-तपासणीत (मजकूर दुसरीकडून उचलला आहे का, या तपासणीत) यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत चालतं. कोडबुक आणि संमतिपत्र परिशिष्टात टाका. निबंध छापण्याचं दडपण घेऊ नका: २०२२ च्या पीएच.डी. नियमांनी प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती काढली आहे. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, ते मात्र विचारा. 'यादीतल्या जर्नलमध्ये आठ दिवसांत छापून देतो' असे फोन येतील. मान्य जर्नलांची ती 'केअर' यादीच यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली. फोन ठेवून द्या.

व्हायवाला जाताना कोडबुकाच्या दोन छापील प्रती, अल्फाचा तक्ता, मूळ फायलींची तारीखवार यादी आणि नैतिकतेच्या निवेदनाची सही केलेली प्रत बरोबर न्या. हाबरमासवर एखादा प्रश्न येईल, पद्धतीवर दहा येतील. माझ्या बाहेरच्या परीक्षकांनी आकृत्या भराभर उलटल्या, चष्मा पुसला, आणि 'दादा'च्या पानावर येऊन थांबले. पुढची वीस मिनिटं आम्ही तिथेच होतो.